आईकडचा हीटर

प्रिय ताई,

खोली तापवणारे इलेक्ट्रिक हीटर बनवणाऱ्या एका कंपनीत मी कॉस्टिंगला आहे. सहा वर्षं झाली. हीटर आडवा पडला की आपोआप बंद व्हावा म्हणून त्याच्या तळाशी एक स्विच असतो. आमच्या एका मॉडेलमध्ये काही महिन्यांनी धूळ बसून तो अडकतो. मग हीटर पडला तरी तसाच चालू राहतो. आतापर्यंत अकरा तक्रारी आल्या. बहुतेक ठिकाणी गालिचा नाहीतर पडदा करपला. एका घरी आजींचा हात कोपरापर्यंत भाजला. मृत्यू एकही नाही. विकले गेलेत चाळीस हजार.

साहेबांनी मला दोन रकान्यांचं शीट करायला सांगितलं. एकीकडे सगळे हीटर परत मागवण्याचा खर्च. दुसरीकडे, काहीच केलं नाही तर पुढच्या पाच वर्षांत द्यावी लागेल ती नुकसानभरपाई. मृत्यू अंदाजे दोन धरायचे ठरले. दर काय लावू विचारलं, तर म्हणाले, मागे गोदामात कामगार गेला तेव्हा तडजोडीत दिली ती रक्कम लाव. लावली. परत मागवणं अडीचपट महाग पडतंय. नव्या लॉटला स्विच बदललाय, जुन्याबद्दल काही बोलायचं नाही, असं जवळजवळ ठरलंय. बैठकीत ते शीट माझ्या सहीने जाणार.

साहेब वाईट माणूस नाहीत. ते म्हणतात, हा हिशेब सगळेच करतात, सरकारंसुद्धा जिवाची किंमत लावतात, तू उगाच भावनेच्या भरात जाऊ नकोस. मला यावर उत्तर सुचलं नाही. माझं काही चुकतंय का? नोकरी सोडू का? घरात कमावणारा मी एकटाच आहे.

— एक कॉस्टिंगवाला

ता. क. आईकडेही हेच मॉडेल आहे. परवा फोन करून तिला वापरू नकोस म्हटलं.

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना आधी ता. क. आणि मग वरचा मजकूर. त्या शेवटच्या ओळीकडे मी येणारच आहे. आधी साहेबांचं म्हणणं घेते, कारण ते निम्मं खरं आहे. सरळ खोटं असेल तर खोडून टाकता येतं. निम्म्या खऱ्याशी फार झटावं लागतं.

सरकारं जिवाची किंमत लावतात, हे खरंच. घाटातल्या रस्त्याला कठडा घालायचा का, गाडीत कोणता भाग सक्तीचा करायचा, धुराड्यातून काय किती सोडू द्यायचं, हे ठरवताना पैसा कुठेतरी संपतो. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०२३ सालासाठी धरलेला आकडा १ कोटी ३२ लाख डॉलर आहे. पण तो आकडा आला कसा, ते साहेबांनी सांगितलं नाही. १९६८ साली टॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने प्रश्नच फिरवला. माणूस गेल्यावर किती तोटा झाला, हे मोजत बसू नका. मरण्याचा धोका लाखात एकाने कमी व्हावा म्हणून लोक स्वतःच्या खिशातून किती देतील, ते बघा. एक लाख लोक प्रत्येकी शंभर डॉलर द्यायला तयार असतील, तर त्यांच्यातल्या वाचणाऱ्या एका जिवामागे एक कोटी डॉलर झाले. तो एक कोण, हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यालाही नाही. पैसे लोकांचे, धोकाही त्यांचाच, आणि आकडा चारचौघांत मांडलेला, कुणीही उठून आक्षेप घ्यावा असा.

तुमच्या शीटमध्ये यातलं काय आहे? पैसे वाचतात कंपनीचे, धोका राहतो गिऱ्हाइकाच्या घरात, आणि आकडा बैठकीच्या खोलीबाहेर जाणार नाही. तेव्हा साहेबांना म्हणा, सरकारचा दाखला द्यायचा तर सरकारसारखा हिशेब उघड्यावर मांडू.

दराबद्दल तर मला जास्तच बोलायचंय. शेलिंगचा विचार सरकारी कचेऱ्यांत मुरायला वेळ लागला. १९७२ साली अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने एका रस्ते-मृत्यूचा जो तक्ता केला, तो जुन्याच वळणाचा होता. एक मृत्यू म्हणजे २,००,७२५ डॉलर. त्यातले १,७३,३०० उत्पादकता बुडाल्याचे, म्हणजे ढोबळमानाने तो माणूस पुढे जे कमावणार होता त्याचे. वेदनांचे १०,०००. अंत्यविधीचे ९००. या पद्धतीने पाहिलं तर कमावणं थांबलेल्या माणसाला फारशी किंमत उरतच नाही. त्या हात भाजलेल्या आजींना या तक्त्यात बसवून बघा.

तुम्ही लावलेला दर तर याहूनही कोता आहे. तो जिवाची किंमत नाहीच. तडजोडीची रक्कम म्हणजे त्या कामगाराच्या घरच्यांकडे किती दिवस भांडायचं बळ होतं, त्याची किंमत. त्यांना चांगला वकील मिळाला असता तर आकडा वाढला असता. घरात लहान मूल आणि उधारी असती तर आणखी खाली आला असता. मेलेला माणूस दोन्हीकडे तोच.

याच २ लाखांच्या आकड्याने फोर्ड कंपनी बदनाम झाली. पिंटो गाडीची गोष्ट तुम्ही ऐकली असणार. मागून धडक बसली की टाकी फुटायची, गाडी पेटायची, आणि कंपनीने गाडीमागे ११ डॉलर वाचवून माणसं जळू दिली, असं सांगतात. १९७३ चं ते टिपण खरं आहे. १ कोटी २५ लाख वाहनं गुणिले ११ डॉलर, म्हणजे सुमारे १३ कोटी ७० लाख खर्च. समोर १८० मृत्यू, १८० जण गंभीर भाजलेले आणि २,१०० जळालेल्या गाड्या मिळून ४ कोटी ९५ लाख. पण ते टिपण पिंटोबद्दल नव्हतंच. गाडी उलटल्यावर होणाऱ्या गळतीच्या एका प्रस्तावित नियमाबद्दल, देशभरातल्या सगळ्या मोटारी आणि हलके ट्रक धरून ते केलं होतं आणि सरकारलाच पाठवलं होतं. दरही सरकारचाच. मी फोर्डची वकिली करत नाहीये. १९७८ साली त्यांना सुमारे १५ लाख गाड्या परत मागवाव्याच लागल्या. पण कुणीतरी दुष्टपणे बसून जीव विकले, ही गोष्ट आपल्याला सोयीची पडते. आपण तसे नसतो ना, म्हणून आपण सुटतो.

खरं काय झालं ते जास्त अंगावर येतं. १९७३ ते ७५ या काळात फोर्डमध्ये रिकॉलच्या फायली डेनिस जॉइया नावाच्या तरुणाकडे असत. विद्यार्थी असताना युद्धविरोधी निदर्शनांत उतरलेला, कंपन्या आतून सुधारू म्हणत नोकरीत शिरलेला. जळून सांगाडा उरलेली पिंटो त्याने स्वतः जाऊन पाहिली होती. मत द्यायची वेळ आली तेव्हा त्यानेही परत मागवायच्या विरोधातच मत दिलं. पुढे तो व्यवस्थापनाचा प्राध्यापक झाला, आणि १९९२ साली त्याने स्वतःचीच चिरफाड करणारा लेख लिहिला. फायलींचा ढीग, ठरलेले निकष, हे प्रकरण निकषात बसत नाही, चला पुढची फाईल. यात आपण काही नैतिक निर्णय घेतोय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो स्वतः पिंटोच चालवायचा. ती गाडी त्याने बहिणीला विकली.

ही बहीण लक्षात असू द्या.

माझंही एक सांगते. मी बरीच वर्षं एका कारखान्याच्या कचेरीत होते आणि अपघातांचं रजिस्टर माझ्याकडे असायचं. त्यात दोनच चौकटी होत्या, 'गंभीर' आणि 'किरकोळ'. अमुक दिवसांपेक्षा कमी रजा पडली तर किरकोळ. एका माणसाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं प्रेसमध्ये गेली. त्याला रजा परवडणारी नव्हती, म्हणून तो लवकर हजर झाला. मी 'किरकोळ' वर खूण केली. नियमाप्रमाणे बरोबरच. पगाराच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी उभा राहून डाव्या हाताने सही करू लागला. नाव अर्धं झाल्यावर पेन घसरलं, तसा ओशाळून हसला. मी काही बोलले नाही. रजिस्टरही दुरुस्त केलं नाही. आज इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहितेय, म्हणजे विसरलेही नाही.

म्हणून म्हणते, शीटमधल्या आकड्यांआधी शब्द तपासा. जनरल मोटर्समध्ये इग्निशन स्विचचा दोष वर्षानुवर्षं कंपनीत फिरत राहिला. गाडी चालता चालता बंद पडायची आणि मग एअरबॅगही उघडायच्या नाहीत. २०१४ साली गाड्या परत मागवल्या तोवर जे गेले, त्यांतल्या १२४ मृत्यूंची भरपाई नंतर कंपनीच्याच निधीने मान्य केली. त्याच कंपनीत २००८ साली कर्मचाऱ्यांना अहवालात टाळायच्या ६९ शब्दांची यादी शिकवली गेली होती. त्यात 'दोष' होता. 'सुरक्षा'सुद्धा होता. 'दोष'ऐवजी लिहायचं, 'रचनेप्रमाणे काम करत नाही'. आणि तुमच्या नव्या लॉटवरून आठवलं: तिथेही २००६ मध्ये स्विच गुपचूप बदलला गेला होता, पण सुट्या भागाचा नंबर जुनाच ठेवला. त्यामुळे नवीन गाड्यांत अपघात का होत नाहीत, हे शोधणाऱ्यांची पुढची कित्येक वर्षं गेली. तुमच्याकडे नंबर बदललाय का? उद्याच बघा.

आता शीट. त्यावर सही करू नका. पण नुसतं 'करत नाही' म्हणून बाजूला झालात तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने जाईल. कॉस्टिंगवाल्याचं हत्यार कॉस्टिंगच. तुमचं शीट अनीतीचं आहे हे राहू द्या, ते मुळात कच्चं आहे, आणि ते तुम्ही तुमच्याच भाषेत दाखवू शकता.

अकरा तक्रारी आल्या म्हणजे स्विच अकराच अडकले असं नव्हे. पडदा करपला तर बरेच जण हीटर अडगळीत टाकतात आणि स्वतःलाच बोल लावतात. शिवाय धूळ दर वर्षी वाढणार. पहिल्या वर्षाचा वेग पाचही वर्षांना लावून 'दोन' काढले असतील, तर ते दोन कुठून आले ते एकदा मला समजावून सांगा. पहिल्या रकान्यातला, म्हणजे परत मागवण्याचा, खर्चही फुगलेला आहे. परत मागवले म्हणजे चाळीसच्या चाळीस हजार येतील असं तुम्ही धरलंय. घरगुती वस्तूंच्या बाबतीत तसं होत नाही. निम्मे जरी आले तरी नशीब, आणि तेही पुन्हा पुन्हा कळवल्यावर. (हे ऐकून साहेब खूश होतील. होऊ द्या.) आणि रकाने दोनच का? विक्री आजच थांबवणं, दुकानदारांना आणि ज्यांनी वॉरंटी कार्ड भरलंय त्या गिऱ्हाइकांना ताबडतोब कळवणं, सुधारित स्विच फुकट बसवून देणं, हा तिसरा रकाना कुठेय? सगळं किंवा काहीच नाही असा प्रश्न मांडला की 'काहीच नाही' जिंकणार, हे शीट करायला सांगणाऱ्याला बहुधा ठाऊक असतं.

या सगळ्याच्या वर एक गोष्ट ठळक लिहा. ज्या हीटरला असा स्विच नसतो, त्याच्यापासून माणूस जपून राहतो. पडद्याजवळ ठेवत नाही, चालू ठेवून झोपत नाही. तुमच्या गिऱ्हाइकाने तो स्विच आहे म्हणूनच पैसे मोजले आणि त्याच्याच भरवशावर तो झोपतोय. या हिशेबात ज्याचा जीव पणाला लागलाय, त्यालाच हिशेब माहीत नाही. कठड्याच्या रस्त्यापेक्षा ही बाब इथेच वेगळी होते.

'पण खर्चाचा विचार करायचाच नाही का', असं कुणी म्हणेल. करायचा. ब्रिटनमध्ये १९४९ साली याचा निवाडा झाला. खाणीतल्या वाटेची बाजू ढासळून कामगार गेला होता आणि कोळसा मंडळाचं म्हणणं होतं की सगळ्या वाटांना आधार देणं परवडणारं नाही. अपील न्यायालयाने सांगितलं की, धोका आणि खर्च तोलायला हरकत नाही, पण उपाय टाळायचा असेल तर खर्च धोक्याच्या मानाने अवाच्या सवा जास्त असला पाहिजे, आणि तसा तो आहे हे मालकाने सिद्ध करायचं. तागडी मुळातच जिवाच्या बाजूने झुकती धरायची. अडीचपट म्हणजे अवाच्या सवा का? एका अडकणाऱ्या स्विचसाठी? मला नाही वाटत.

बैठकीच्या आधी कंपनीच्या वकिलाला एका ओळीची मेल करा: 'ही माहिती सरकारी यंत्रणेला कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे का?' अमेरिकेत अशी माहिती हाती आल्यापासून २४ तासांत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला कळवावं लागतं. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते वकील सांगेल. हा प्रश्न लेखी विचारला गेला की खोलीतली हवा बदलते. नंतर कुणालाच 'मला ठाऊक नव्हतं' म्हणता येत नाही. जनरल मोटर्समध्ये बैठकीत सगळ्यांनी मान डोलवायची आणि बाहेर पडून कुणीच काही करायचं नाही, या सवयीला नावच पडलं होतं. मान डोलवण्याची नोंद राहत नाही, मेलची राहते. कंपनीची कागदपत्रं मात्र घाईघाईत घरी नेऊ नका. काय केव्हा कळलं आणि कुणाला सांगितलं, याच्या तारखा स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, आणि बाहेरच्या यंत्रणेकडे जायची वेळ आलीच तर आधी स्वतःचा वकील गाठा.

नोकरीचं मी गोड बोलून सांगणार नाही. 'प्रामाणिकपणा शेवटी फायद्याचाच ठरतो' असं म्हणणाऱ्यांना १९८२ च्या टायलेनॉलचं उदाहरण फार आवडतं. कुणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं, शिकागोच्या परिसरात सात जण गेले, आणि जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. चांगलंच केलं. पण विष बाहेरच्या कुणीतरी घातलं होतं. गुन्हा दुसऱ्याचा असला की उदार होणं सोपं जातं. तुमचं उदाहरण अॅलन मॅकडॉनल्डच्या जवळचं आहे. चॅलेंजर यानाचे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचा हा अभियंता. जानेवारी १९८६ मध्ये उड्डाणाच्या आदल्या रात्री, एवढ्या थंडीत जोडांची सीलं टिकणार नाहीत असं अभियंते सांगत होते. कंपनीने आधी ते मानलं, मग दबावाखाली माघार घेतली. मॅकडॉनल्डने मंजुरीच्या कागदावर सही करायला नकार दिला. सही त्याच्या वरिष्ठाने केली. सकाळी यान उडालं आणि ७३ सेकंदांत सात जण गेले. त्याने चौकशीत खरं सांगितलं म्हणून कंपनीने त्याला खाली उतरवलं. अमेरिकी संसदेने डोळे वटारले तेव्हा पुन्हा वर घेतलं, आणि त्या जोडाच्या नव्या रचनेचं काम त्याच्याकडेच आलं. सही न केल्याने ते सात जण वाचले नाहीत. तुमच्याही बाबतीत वाचतीलच असं मी म्हणणार नाही.

म्हणून राजीनामा आज नको. तुम्ही गेलात की त्या खोलीत स्विचबद्दल बोलणारं कुणी उरणार नाही. दुसरीकडे अर्ज मात्र आजपासून टाकायला लागा, आणि चार-सहा महिन्यांच्या घरखर्चाची तजवीज होते का बघा. ज्याच्या गाठीला थोडे पैसे असतात त्याचा आवाज बैठकीत कमी कापतो, हा माझा अनुभव.

आता आई.

चाळीस हजारांतला एक हीटर तुम्ही परत मागवलाय. शीट न करता, दर न लावता, वकिलाला न विचारता. जॉइयाला बहिणीला गाडी देताना काही वाटलं नाही, कारण त्याला दिसलंच नव्हतं. तुम्हाला दिसलंय. मी दोष देत नाही, तुमच्या जागी मीही आधी आईलाच फोन केला असता. मला फक्त एवढंच विचारायचंय, फोनवर तुम्ही तिला नेमकं काय म्हणालात? 'अगं, त्याचा स्विच अडकतो, पडला तर बंद होत नाही, प्लग काढून ठेव', असंच काहीतरी असणार. 'विशिष्ट परिस्थितीत रचनेप्रमाणे काम न करण्याची शक्यता' असं तर नक्कीच म्हणाला नसाल. ते वाक्य आठवेल तसं कागदावर उतरवा. त्यात मॉडेलचा नंबर, कोणत्या महिन्यापासूनचा माल आणि एक फोन नंबर घाला. नव्या शीटला जोडायचं गिऱ्हाइकांसाठीचं पत्र तयार झालं.

आणि आईला सांगा, तो हीटर भंगारात देऊ नको, पुसूही नको. धूळ आहे तशी राहू दे. बैठकीला तो सोबत न्या, टेबलावर आडवा पाडा आणि साहेबांनाच म्हणा, प्लग लावा.